गाय उपाशी का होती

डोन अमादोच्या दुकानाबाहेर हेन्नी ब्रॉडमन संत्री निवडत उभी होती. तिची निवडायची पद्धत ठरलेली: आधी वजन बघायचं, मग देठ, मग वास, आणि शेवटी ते परत ठेवून दुसरं उचलायचं. डोन अमादो बावीस वर्षं हे बघत आला होता. आताशा त्याने टोमणे मारणंही सोडलं होतं. हातातलं संत्रं बरं निघालं, एवढ्यात फुटपाथवरून युनिव्हर्सिटीच्या मुलांची ढकलगाडी खडखडत गेली. गाडीवर पांढरी पोती रचलेली. एका पोत्याचं तोंड नीट बांधलं गेलं नव्हतं आणि त्यातून हिरव्या पुठ्ठ्याचा एक कोपरा बाहेर डोकावत होता. कोपऱ्यावर अर्धगोल तपकिरी डाग. तो डाग चहाचा आहे, कपाच्या बुडाचा आहे, आणि तो कप पस्तीसेक वर्षांपूर्वी आपणच तिथे आदळला होता, हे हेन्नीला रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा ओळखू आलं असतं. गाडी कोपऱ्यावरून वळली. हेन्नी संत्रं न ठेवता तिकडेच बघत राहिली.

“काय झालं, दोन्या हेन्नी? संत्रं हलकं आहे?” डोन अमादोने आतून विचारलं.

“नाही. चांगलं आहे,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने त्याच्या मालाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं, त्यामुळे तो घाबरून बाहेरच आला. तोवर ती चालू लागली होती. “न्या, न्या ते,” तो मागून ओरडला, “तुम्ही बऱ्या आहात ना?”

बरी होती. गुडघे सोडले तर बरीच होती. एकशे सत्त्याऐंशीव्या रस्त्याचा चढ तिने आयुष्यभर चढला होता, लहानपणी शाळेचं दप्तर घेऊन, मग बाबागाडी ढकलत, मग नवऱ्याच्या, नाफ्तालीच्या, हाताला धरून, आणि तो गेल्यापासून चार वर्षं एकटीच. चढावर श्वास लागतो तेव्हा माणूस खरं बोलतो, असं नाफ्ताली म्हणायचा. मुलांना परीक्षेत काय चुकलं ते तो याच चढावर विचारायचा. हेन्नी स्वतःशी घोकत होती, वही चुकून गेली. सोमवारी घाईत होते, पेसाखच्या सणाची साफसफाई चालली होती, मुलं दारात उभी होती, ड्रॉवर रिकामा करताना चुकून गेली. तिसऱ्या वेळेला तिला श्वास लागला आणि तिने घोकणं थांबवलं.

सोमवारी चुकून काहीच झालं नव्हतं. दर वसंतात युनिव्हर्सिटीची मुलं मोहल्ल्यातल्या ज्यू म्हाताऱ्यांच्या घरी पोती घेऊन येत. फाटक्या प्रार्थनेच्या पोथ्या, सुटी पानं, कुणाच्या नातवाने गिरवलेली पवित्र अक्षरं, ज्यावर देवाचं नाव आहे असा कुठलाही कागद कचऱ्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही; माणसासारखा पुरायचा. नदीपलीकडे जर्सीच्या दफनभूमीत त्यासाठी एक कोपरा होता. मुलं पुस्तकं न्यायला येत आणि जाताना दिवे बदलून, वरच्या फळीवरची पेसाखची भांडी खाली काढून, कधी बंद पडलेलं घड्याळ चालू करून जात. म्हाताऱ्यांनाही ते कळत होतं. तिसऱ्या मजल्यावरची मिसेस रोसेनहाइम तर दर वर्षी एकच पोथी देई आणि सात कामं सांगे. सोमवारी हेन्नीकडे पेनिना आली होती, मेम्फिसची, मोठ्या आवाजाची, मुलींच्या कॉलेजातली. आणि तिच्यासोबत झेव, जो रबाय, धर्मगुरू, व्हायचा अभ्यास करत होता, म्हणजे साध्या ‘हो’ला तीन ‘पण’ जोडायला शिकत होता. झेव शिडीवर होता, पेनिना पोत्याचं तोंड धरून उभी होती, आणि हेन्नी नाफ्तालीचा ड्रॉवर उपसत होती. मोडका चष्मा, दोन पेनं, जुन्या पोथीची सुटलेली पानं, आणि तळाशी ती जाड हिरवी वही. तिने ती सवयीने उलटी धरून झटकली, कारण पेसाखच्या आधी घरात पिठाचा कणही राहू द्यायचा नसतो. आणि वहीतून चुरा पडला. केकचा. तिच्या हातच्या केकचा, निदान चार वर्षांपूर्वीचा.

तो चुरा बघून तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग, तळपायापासून मस्तकापर्यंत. म्हणजे माझा केक आत जायचा, आणि मी दारात!

नाफ्ताली दिवसा युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवायचा आणि गुरुवारी चारला घरी धर्मशास्त्राची पोथी. चौतीस वर्षं. सहा-सात मुलं जेवणाच्या टेबलाभोवती, कोपरं टेकून, एकमेकांवर ओरडत. अमक्याची गाय तमक्याच्या अंगणात शिरली, पिठाचं मडकं फोडलं, पीठ खाल्लं. भरपाई कुणी करायची, मडक्याची वेगळी का पिठाची वेगळी, अंगणाला कुंपण होतं का. हजारेक वर्षांपूर्वी मेलेल्या शहाण्यांची मतं मुलं अशी फेकत, जणू ती माणसं खाली लॉबीत उभी आहेत. हेन्नी केक घेऊन यायची आणि दारात थांबायची. ती फ्रँकफर्टहून आलेल्या घरातली. त्या घरात मुलींना प्रार्थना यायच्या, बूट चमकवता यायचे, बारा जणांचा स्वयंपाक यायचा. पोथीचं पान भावांच्या टेबलावर. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, तिलाही नाही. पण कान तर होते. आणि एका गुरुवारी, सगळे भरपाईवर गळे काढत असताना, तिच्या तोंडून निघून गेलं, “आणि गाय उपाशी का होती, ते कुणी विचारलं का?”

मुलं हसली. वाईट नाही हसली. ती तिच्यावर जीव टाकायची, तिच्या नूडल्सच्या कुगेलसाठी परीक्षेच्या आदल्या दिवशीही यायची. नाफ्तालीही हसला. मग त्याने मान खाली घातली. ती उत्तराची वाट बघत ताट धरून उभी राहिली, आणि त्याने मान वर केलीच नाही. बायकोमुळे खजील झाला, असं तिला वाटलं. त्याने वही मिटली तशी तिने चहाचा कप पुठ्ठ्यावर आदळला आणि आत गेली. तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा दारात होती. प्रश्न काही तिला सोडेनात. दर वेळी तेच व्हायचं: ती विचारायची, मुलं हसायची, त्याची मान खाली जायची. मुलांना तो उत्तरं द्यायचा, अगदी मठ्ठ मुलालासुद्धा, त्याची चूक हळूच उचलून त्याच्याच हातात देत. तिला एकदाही नाही. बाकी कशात उणं नव्हतं. रोज सकाळी तिचा चहा तो करायचा, तिचे पाय दुखले की दाबून द्यायचा. पण पन्नास वर्षांच्या संसारात एका बाजूला एवढंसं कुसळ राहून गेलं होतं, आणि ते सोमवारी केकच्या चुऱ्यासकट बाहेर आलं. “ही पण घे,” तिने पेनिनाला म्हटलं होतं. “नक्की?” पेनिनाने विचारलं होतं. हेन्नीने वही स्वतःच पोत्यात टाकली होती.

आणि आता चढावर तिला एवढंच सुचत होतं, की त्याचं हस्ताक्षर दुपारी एकच्या ट्रकने जर्सीला जाणार. घरात त्याचा कोट होता, फोटो होते, टोपी होती. पण ती बारीक, मुंग्यांसारखी अक्षरं फक्त त्या वहीत होती. तिला ती वाचता येत नव्हती, तरी ती ड्रॉवरमध्ये असायची. रिकामा ड्रॉवर काल रात्रीपासून तिला दोनदा उघडावासा वाटला होता, आणि दोन्ही वेळा तिने स्वतःला दुसरं काम सांगितलं होतं.

युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयामागच्या तळघरात पोती भिंतीला लावून ठेवली होती. बाहेर ट्रक उभा होता आणि दोन मुलं एकेक पोतं चढवत होती. शेजारी झेव हातात यादी घेऊन, पेनिना सुतळी दातात धरून.

“मिसेस ब्रॉडमन! तुम्ही जिना उतरून आलात?” पेनिनाने सुतळी थुंकली. “मला फोन करायचा ना, मी धावत आले असते.”

“माझी एक वही गेली. हिरवी. चुकून,” हेन्नी म्हणाली.

“झेव, ट्रक थांबव!”

एकामागून एक पोती सोडली गेली. मुलं पानं अशी बाजूला करत होती, की कुठलंही पुस्तक पालथं पडू नये, कशावर पाय पडू नये. एक पोथी निसटली तर झेवने ती उचलून ओठांना लावली आणि मगच पुढचं पोतं उघडलं. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. पाचव्या पोत्यात डाग दिसला आणि हेन्नीचा जीव भांड्यात पडला. तिने हात पुढे केला. झेवने वही दिली नाही. छातीशी धरून उभा राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

“एक विचारू का, मिसेस ब्रॉडमन? रागावू नका.”

“झेव, देऊन टाक ना!” पेनिना म्हणाली.

“देतोच आहे. फक्त... जे एकदा पुरण्यासाठी वेगळं काढलं, ते परत घ्यायला तशी मनाई आहे. चुकून पडलं असेल तर ते मुळात दिलंच नाही असं धरतात, मग प्रश्नच नाही. तुम्ही चुकून म्हणालात, म्हणजे झालं.” त्याने वही पुढे केली. “चुकूनच ना?”

‘हो’ म्हणायला काहीच लागत नव्हतं. मुलगा हात पुढे करून उभा होता. त्याला तेच ऐकायचं होतं, पेनिनाला तेच ऐकायचं होतं, बाहेरच्या ट्रकवाल्याला तर फारच. हेन्नीने तोंड उघडलं. तिला त्या वहीचा वास आला, जुन्या कागदाचा आणि थोडासा व्हॅनिलाचा. या वहीत चौतीस वर्षं एक माणूस खरं काय ते शोधत बसला होता, आणि ती घरी न्यायची कशी, तर खोटं बोलून. तसं करून ती ड्रॉवरमध्ये ठेवली, की ड्रॉवर उघडायची सोय राहिली नसती.

“नाही,” ती म्हणाली. “चुकून नाही. रागाने दिली.”

झेवचा हात हळूहळू परत छातीशी गेला, आणि त्या बिचाऱ्याचा चेहरा असा पडला, की हेन्नीला त्याचीच दया आली.

“कुणाचा राग?” पेनिनाने विचारलं. मेम्फिसला बहुधा असं सरळ विचारतात.

“नवऱ्याचा. दुसऱ्या कुणाचा करणार?” हेन्नी एका खोक्यावर बसली. संत्रं अजून तिच्या हातातच होतं. “आता मला सांग, रबाय होणाऱ्या. माणूस रागाने जे देतो, ते त्याने दिलं म्हणायचं, का रागाने दिलं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी राग गेला. मग देणारा राहिलाच कुठे?”

झेवने यादी खाली ठेवली. मग त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायला लागलं, जे तिने दारातून शेकडो वेळा मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं: अडकल्याचा आनंद. “हा प्रश्न चांगला आहे,” तो म्हणाला. “फारच चांगला आहे. मला येत नाही.” त्याने खिशातून फोन काढला. त्याचे गुरू रबाय झिमेल्स वर्गात होते. त्याने निरोप ठेवला, सगळं सांगून, रागासकट. “शंका आहे तोवर पुरायची नाही,” तो शेवटी म्हणाला, “आणि शंका आहे तोवर तुमचीही नाही. पेनिना, तू सांभाळ. मी पोत्यांबरोबर जातो. रबायांचा फोन आला की कळवतो.”

“तोवर वाचायला मनाई आहे का?” हेन्नीने विचारलं.

झेवने डोकं खाजवलं. “वाचायला कशाला असेल?”

ट्रक गेला. तळघर एकदम मोकळं झालं, आणि वरच्या झडपेतून दुपारचं ऊन जमिनीवर पडलं. पेनिना दुसरं खोकं ओढून शेजारी बसली. वही तिने मांडीवर उघडली, आधी पहिलं पान हळूच ओठांना लावून. हेन्नी संत्रं सोलू लागली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. तिच्या आईने तिला कधी पोथी उघडू दिली असती तर तिनेही अशीच मांडीवर घेतली असती का, का भावांसारखी कोपरं टेकून? पेनिनाच्या वयाच्या मुली आता सकाळी नऊला पानं घेऊन बसत, एकमेकींवर ओरडत, आणि हेन्नीला त्यांचा हेवा वाटायचा. कौतुक वाटतं असं ती म्हणायची, पण हेवाच वाटायचा.

“अक्षर किती बारीक आहे हो! आणि सगळी त्यांची स्वतःची लघुलिपी,” पेनिना म्हणाली. “थांबा, जमतंय. हा गाईचा विषय आहे. गाय अंगणात शिरली. पहिल्या पंडिताचं मत, दुसऱ्या पंडिताचं मत, त्यावर याचं उत्तर, उत्तर मोडलं...” ती बोट सरकवत गेली आणि एकदम थांबली. “गंमतच आहे. इथे लिहिलंय, ‘स्वयंपाकघरातून विचारलं.’”

हेन्नीचं सोलणं थांबलं.

“‘स्वयंपाकघरातून विचारलं: गाय उपाशी का होती? मालकाने तिला उपाशी ठेवली असेल तर अंगणात शिरण्याआधीच तो दोषी ठरतो. हे आजवर कोणीच कसं पाहिलं नाही? माझ्याकडे उत्तर नाही. विचार व्हायला हवा.’ आणि खाली दोनदा रेघ मारलीय.” पेनिनाने वर पाहिलं. “मिसेस ब्रॉडमन? स्वयंपाकघर म्हणजे... तुम्ही?”

हेन्नीला ते दिसत होतं: तो हसला, मग त्याची मान खाली गेली. मान खाली गेली आणि त्याचा हात हलत होता. हात हलत होता हे तिने कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती त्याच्या मानेकडे बघत उभी असायची.

“पुढे बघ,” ती म्हणाली.

पुढे दर चार पानांआड होतं. कधी एका ओळीचं, कधी अख्ख्या पानाचं. मोठमोठ्या पंडितांची नावं डावीकडे, आणि त्यांच्याच रांगेत, त्याच आकाराच्या अक्षरात, स्वयंपाकघर. सापडलेली वस्तू परत करायची, पण हरवणाऱ्याला ती नकोच असेल तर? साक्षीदार दोन लागतात, पण दोघेही एकमेकांना घाबरत असतील तर? तिला यातले अर्धे प्रश्न आठवतही नव्हते. काही ठिकाणी त्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला होता, तो खोडला होता, समासात पुन्हा केला होता, तोही खोडला होता. आणि शेवटी दर वेळी तेच, विचार व्हायला हवा. मुलांना तो उत्तरं द्यायचा, कारण त्यांच्या प्रश्नांना उत्तरं होती.

“मूर्ख माणूस,” हेन्नी म्हणाली. डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात संत्र्याने चिकट झाले होते. “तोंडाने एकदा सांगायला काय झालं होतं? एकदा! म्हणे विचार व्हायला हवा. इतका विचार करत बसायचा, की समोर ताट धरून उभी आहे ती बाई दिसायची नाही!” ती रडता रडता हसू लागली, आणि तिला तो इतका आवडला, की त्याला दोन धपाटे घालावेसे वाटले. “ही घे फोड. वहीवर रस सांडू नकोस. केक सांडलाय तेवढा पुरे.”

पेनिनाने फोड तोंडात टाकली, बोटं स्कर्टला पुसली आणि शेवटची लिहिलेली पानं उलगडली. इथे अक्षर मोठं झालं होतं, आणि थरथरतं. वर पोथीचा विषय नव्हता, पंडितही नव्हते. नुसतीच एक ओळ आणि तिच्याखाली एक ओळ. पेनिनाने ती मनात वाचली आणि तिचा मोठा आवाज कुठेतरी गेला.

“वाच,” हेन्नी म्हणाली.

“‘स्वयंपाकघरातून विचारलं: तू गेल्यावर गुरुवारी केक कुणासाठी करायचा?’”

तिने विचारलं होतं. शेवटच्या हिवाळ्यात, मुलं येणं बंद झालं होतं तेव्हा, त्याच्या खुर्चीशी ब्लँकेट नीट करताना. रागानेच विचारलं होतं, जाणाऱ्यावर येतो तसल्या रागाने. तेव्हाही त्याने मान खाली घातली होती.

“खाली काय आहे?”

“तेच. ‘विचार व्हायला हवा.’”

पेनिनाचा फोन वाजला. ट्रक पुलावर असावा. झेवचा आवाज वाऱ्यातून येत होता. पेनिनाने फोन दोघींच्या मधे धरला.

“रबायांनी फोन केला होता,” झेव ओरडून सांगत होता. “रागाचा प्रश्न त्यांना फार आवडला, त्यावर ते वर्ग घेणार आहेत. पण म्हणाले, त्याच्या आधी साधं बघा. ज्याचं काम संपलं तेच पुस्तक पुरतात. कुणाला त्याचं अजून काम असेल, तर ते पुरायला काढणंच चूक होतं, मग रागाने काढा नाहीतर हसत काढा. विचारतायत, त्या वहीचं काम संपलंय का?”

पेनिनाने हेन्नीकडे पाहिलं. हेन्नीने बोटं पदराला पुसावीत तशी कोटाच्या टोकाला नीट पुसली, एकेक करून. मग वही पेनिनाच्या मांडीवरून उचलली, ओठांना लावली आणि स्वतःच्या मांडीवर उघडी ठेवली.

“त्यांना सांग, गाय उपाशी का होती ते अजून ठरायचंय,” ती फोनमध्ये म्हणाली.

“कुठली गाय?” झेव ओरडला.

“सण झाला की पहिल्या गुरुवारी चारला ये, म्हणजे कळेल. ट्रकवरच्या पोरांनाही आण. आणि पेनिना तिच्या मैत्रिणींना आणेल, त्यांनी दारात उभं राहायचं नाही, टेबलाशी बसायचं.” ती क्षणभर थांबली. “केक असेल.”